तीन बोटं

वस्तरा गळ्यावर असला की माणूस गप्प रायते,
डोळे वर, टिनाकडे.
अठ्ठावीस वर्षं मी गालाची बाहेरची बाजू पाह्यली.
आतली कधी पाह्यली नोती.

मंग बुधवारच्या बाजारात गाडी आली,
नागपूरच्या दाताच्या कॉलेजची.
निकहत मॅडम उतरल्या, कोडापेबाई आशा उतरली,
सरकारी दवाखान्यातला लंबा कंपाउंडर बी.
मले वाटलं, माह्यं लायसन पाहाले आले.
मॅडम म्हणे, गावात सगळ्यात जास्त तोंडं कोण पाहाते?
मी म्हणलं, इस्तारी खर्रेवाला.
हासल्या. वहीत लिवलं.
"त्याच्यानंतर?"
त्याच्यानंतर मी.

दोन दिवस ब्रह्मपुरीले शिकलो,
पांढरा चट्टा कसा, लाल कसा,
गाल आतून दोरीवानी ताठला म्हंजे काय.
प्लास्टिकची मापपट्टी भेटली.
ती पाहून गिऱ्हाईक
अर्ध्या फेसात खुर्चीवरून उठे.
मी फोन लावला : मॅडम, पट्टी नोको.
आमच्या इकडं भातात पाणी किती
हेही बोटानं पाहातेत.
त्या थोडा वेळ चूप.
मंग म्हणे, बोटांचं माप तर आमच्या पुस्तकातही हाये,
आम्हीच पट्टी घेऊन फिरतो.
तीन बोटं. ज्याचं तोंड, त्याचीच. उभी.

पुढच्या महिन्यात कागद बदलला.
बारा गावचे न्हावी, बारा कागद,
चौथा रकाना : बोटं किती.
माह्यं नाव त्याच्यात कुठं नाई. नसू दे.
रकाना माह्या हाये.

धनपालची दोन.
गेडाम गुरुजींची तीन, पण गालात चट्टा.
कोडापेबाई त्यायच्या संगं नागपूरले गेली,
रात्रभर वार्डाच्या फरशीवर बसून रायली.
आता गुरुजी फळ्यावर खडूनं गाल काढतेत
अन् पोट्ट्यांले सांगतेत, हे माह्यं.
इस्तारी दर सोमवारी येते,
दाढी करून घेते, तोंड उघडत नाई.
म्हणते, मी इकतो, खात नाई.
आरशात मी त्याचे दात पाहातो,
तो माह्या खिसा पाहाते.

काल दुकानाचं शटर आतून ओढलं.
आरशावरचा बल्ब चालूच होता.
खिशात पन्नी, सकाळची, अर्धी.
सगळ्यांले सांगतो तसं सोताले सांगतलं,
बोटं जोड. उभी कर.
एक गेलं.
दुसरं गेलं.
तिसरं दातापाशी थांबलं,
उधारी मागाले आलेल्या माणसावानी
दारातच.

सकाळी कागद काढला.
दुसऱ्याचं नाव लिवाले येवढा वेळ लागत नाई.
चौथ्या रकान्यात : दोन.
कोडापेबाईले फोन केला, तिनं काही इचारलं नाई,
येतो म्हणे, नऊच्या गाडीनं.

खुर्चीत मीच बसून होतो.
इस्तारी आला, टॉवेल झटकला,
म्हणे, उठ न बाप्पा, दाढी कर.
मी म्हणलं, थांब.
आज माह्या नंबर हाये.
मंग तुह्या.