मिनिटाला पन्नास

पंप फेब्रुवारीपासून बंद आहे,
त्याच्या डोक्यावर आता कापसाचा डबा असतो.
म्हणून सिस्टर लुसुंगु म्होने
छातीवरचं उलटं घड्याळ दोन बोटांनी उचलते
आणि थेंब मोजते, ओठ न हलवता.

व्हॅन्कोमायसिन एक ग्रॅम, सलाईन अडीचशे मिली,
शंभर मिनिटं.
आपल्या नळीचे वीस थेंब म्हणजे एक मिली.
म्हणजे मिनिटाला पन्नास, ती म्हणाली,
बावन्न झाले तर ओरडणार नाही.
मी वहीत लिहिलं. पन्नासच्या खाली रेघ मारली.

खाट नंबर नऊ, विंडसन चिरवा.
होडीच्या नांगराने पोटरी फाडलेली.
त्याच्या खिडकीतून न्खाता बेचं पाणी दिसतं,
रात्री कंदिलांच्या होड्या उसिपा धरायला निघतात,
आणि भाऊ एकटाच जाळं ओढतो.
"पोरी," तो म्हणाला, "पाणीच तर आहे.
सोड ना लवकर. अंधार पडायच्या आत
मला दारापर्यंत तरी जायचंय."

सिस्टर बाळंतिणीकडे गेली होती.
किती लहान असतं ते नळीवरचं चाक,
अंगठ्याच्या नखाएवढं, पांढरं.
मी जरासं वर ढकललं.
जरासंच.
थेंबांची धार झाली
आणि मला वाटलं, मी कुणाचं तरी भलं केलं.

पुस्तकात होतं : चेहरा, मान लालबुंद होते.
मी बघत होते. लाल काहीच नव्हतं.
ज्याने ते लिहिलं
त्याने आमच्या रंगाची मान बघितली नसावी.
विंडसन नुसता कान खाजवत होता,
मग गळा, मग छाती,
मग खाजवणारा हात चादरीवर पडला
आणि तो म्हणाला,
खिडकी लांब गेली.

सिस्टरने आधी चाक बंद केलं,
मग मला बाजूला.
पाय उशीवर. प्रेशर ऐंशीवर पन्नास.
हाताची मागची बाजू त्याच्या मानेला लावली,
आणि तसाच माझा हात धरून तिथे ठेवला :
दिवसभर उन्हात उपडी पडलेल्या
होडीच्या बुडासारखी तापलेली मान.
"आपल्याकडे हे असं बघायचं," ती म्हणाली.

डॉक्टरांना तिने सगळं सांगितलं. माझं नावही.
खाजेचं इंजेक्शन, वाट बघणं,
प्रेशर एकेक पायरी वर.
मला वाटलं, घरी पाठवतील.
तिने स्टूल ओढलं, घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.
आता मिनिटाला पंचवीस. उठायचं नाही.

बाहेर कंदील निघाले होते.
विंडसनचे डोळे नळीवर.
"किती?"
सतरा, मी म्हणाले.
"अठरा," तो म्हणाला.
थांबा,
अजून पडायचाय.