हिरवी जीभ

कल्हईच्या भट्टीत नवसागराची चिमूट पडली
की तांब्याच्या कडेवर हिरवी जीभ निघायची,
क्षणभर, आणि आत जायची.
अण्णा म्हणायचे, "बघ, वेडावतंय तुला."
तांबट आळीत तेव्हा सकाळपासून ठोक्यांवर ठोके,
शाळेत जाताना मी पाढे त्याच तालात म्हणायची.
तेराचा मात्र कधी बसला नाही.

आता बारावीला मी तीच जीभ शिकवते.
फळ्यावर केंद्रक, भोवती कक्षा,
माझ्या हातून हमखास एका बाजूने चेपलेल्या
(अण्णांच्या पातेल्याला असं कधी झालं नाही).
सांगते : इलेक्ट्रॉनला ऊब द्या, तो वर जातो.
वर करमत नाही त्याला.
खाली येतो, आणि जेवढं उतरला तेवढं
उजेडाच्या एका दाण्यात देऊन टाकतो.
केवढी उडी, त्यावर दाण्याचा रंग.
घासाघीस नाही.

मागच्या बाकावरची शगुफ्ता पिंजारी विचारते,
"मॅडम, मधे असतो तेव्हा कुठे असतो?"

दरवर्षी वाटतं रामकुंडाच्या पायऱ्या सांगाव्यात,
आणि दरवर्षी मी थांबते.
पायऱ्यांवर माणूस रेंगाळतो,
एक पाय पाण्यात, एक कोरडा,
चप्पल कुठे काढली ते आठवत.
अणूत तशी सोय नाही.
दुसरी पायरी, नाहीतर तिसरी.
अडीच नाहीच.
"मधे नसतोच," मी म्हणते.
ती वहीत लिहून घेते,
पुढे बारीक प्रश्नचिन्ह काढते. मला दिसतं.

खरवईपाशी एकतीस वर्षं बसलेले अण्णा
एका सोमवारी अंबडच्या कंपनीच्या गेटवर उभे होते :
निळा शर्ट, शिट्टी, नोंदवही.
रविवारचं कधी बोलले नाहीत.
हातोड्या कुणाला दिल्या,
भट्टी विझवली की विझली.
आईने विचारून पाहिलं, मी विचारून पाहिलं.
"काही नाही गं. तिकडे होतो, मग इकडे."

काल प्रयोगशाळेतली उरलेली तांब्याची तार आणली,
भद्रकालीतून पुडीभर नवसागर.
पाथर्डी फाट्यावरचा फ्लॅट, चौथा मजला,
ट्यूबलाइट बंद, गॅस बारीक.
जीभ निघाली.
मांडणीवरची स्टीलची भांडी हिरवी झाली,
अण्णांचा चष्मा हिरवा झाला.
मला वाटलं, आता सांडेल काहीतरी.
एवढं उतरलेला माणूस
कुठे ना कुठे उजेड देऊन बसला असणारच,
आपण नेमके त्या दिवशी शाळेच्या सहलीला.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. वाकून पाहिलं.
"नवसागर जास्त झाला," म्हणाले,
आणि अंधारातच
चिमूट केवढी घ्यायची ते बोटांनी दाखवलं.