लोखंड आहे

सव्वीस वर्षं दाजी पेठेत जॉबर होतो.
शेडच्या दारातूनच सांगायचो
आठ नंबरचा माग आज रात्री बसणार.
आवाज ऐकूनच. लोखंड मला कळायचं.
घरच्या भाषेत आम्ही त्याला इनुमु म्हणतो.

साध्या गोळ्यांना न जुमानणारा टीबी, म्हणाले.
नव्या गोळ्या सुरू झाल्या.
त्यातल्या एकीनं कातडी काळवंडली,
बाहेरून मी आता बीडाचा,
आणि पापणी ओढून बघावं तर आत
धुतलेल्या टॉवेलासारखं पांढरं.

हिमोग्लोबिन सात पॉइंट एक.
बालमणीनं ऐकलं, आणि मंगळवार बाजारातून
लोखंडी कढई आणली
तीन दिवसांच्या विड्यांची मजुरी मोडून.
पालक, शेपू, वर गुळाचा खडा.
भाजीला कढईचा रंग उतरायचा,
माझ्यात काही उतरायचं नाही.
मोरीपर्यंत जाताना दोनदा भिंत धरायचो.

मग सिव्हिलमध्ये दुसरा कागद आला.
डॉक्टर कुरेशी बाई पेनाचं टोपण चावत म्हणाल्या,
"लोखंड कमी नाही तुमच्यात. साठा भरपूर आहे."
मी म्हणालो, मग?
"कोंडलंय. हा जंतू लोखंडावर वाढतो.
त्याला मिळू नये म्हणून अंगच कुलूप घालतं.
रक्त बनवायलाही मग मिळत नाही."

म्हणजे टाळेबंदी.
गोदामात सूत पडून, माग उपाशी,
आणि गेटवर उभा आपलाच वॉचमन.
चोर कुठाय, विचारलं.
बाई थोडं थांबून म्हणाल्या,
"गोदामातच."

लोखंडाची गोळी आत्ता नको, म्हणाल्या,
आधी जंतू मरू देत.
आणि जी गोळी त्याला मारते
तीच हाडातल्या रक्ताच्या कारखान्यालाही दम देते,
म्हणून तिचा डोस अर्धा केला.
बालमणी बाहेर येऊन भांडली माझ्याशी,
जणू किल्ली माझ्या खिशात आहे.

मी काय सांगणार?
अडकलेला माग जोर लावून फिरवला
की गिअरचे दात जातात, हे मी
पोरांना शिकवलंय. शिव्या देऊन शिकवलंय.
थांबायचं. हात काढून घ्यायचा. ऐकायचं.

पण स्वतःच्या छातीला कान लावता येत नाही.
रात्री ती सुपातली पानं बाजूला सारते,
मास्क नीट करते, पाठीवर डोकं टेकवते.
कसा येतोय आवाज?
"खडखडतोय."
नेमका कुठं, वर की खाली?
"मी काय जॉबर आहे का," म्हणते,
आणि डोकं उचलत नाही.

कढई तिनं परत केली नाही.
चूल थंड झाली की
तेलाचं बोट फिरवून ठेवते आतून.
गंजायला नको.