उजवी सीट बोलत नाही

तक्रारवहीत दोन ओळी, दोन वेगळ्या दिवशी लिहिलेल्या:
'उजवी सीट बोलत नाही.'
'हवेत इंजिन ठोकतं. जमिनीवर नाही.'
खाली एकीडोरची सही, पेन कागदात रुतलेलं.
लोडवारच्या धावपट्टीवर सकाळी वारा एवढा
की ही पानं मी पान्याखाली दाबून वाचते.

आधी इंजिन पाहिलं. दोन दिवस.
प्लग काढले, दाब मोजला,
तेलाच्या गाळणीत भिंग लावून धातूचा कण शोधला.
काही नाही.
सहा सिलिंडरांचं गरीब जनावर, खाल्ल्या तेलाला जागणारं.

मग उजवी सीट.
हेडसेटांची अदलाबदल केली, डाव्याचा उजव्याला.
दोन पिना, एक जाड, एक किंचित बारीक,
अर्धवट घुसल्या तरी पूर्ण घुसल्यासारख्या दिसतात;
टिचकी ऐकू येईपर्यंत दाबल्या.
स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या. बोळा काळा झाला.
वायर बोटांत फिरवली, वाकवली, ओढली.
इंजिन चालू केलं की कानात एक किणकिण,
आरपीएमबरोबर चढत जाणारी.
अल्टरनेटर. ती वेगळीच व्याधी.
तिचं नंतर बघू.

उजवीकडे नर्स अतीर बसते,
मांडीवर लशींची पेटी, पायांत पाण्याचा कॅन.
तिचा आवाज मुळातच जमिनीलगतचा,
आणि माइक ढकललेला हनुवटीखाली.
का, तर फोमला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडाचा वास.
"हुंगून बघ," म्हणाली.
हुंगलं. तंबाखू, शिळा चहा, कुणाची तरी भीती.
नवा फोम चढवला.
ओठांपासून एक बोट, सांगितलं, जास्त नाही.

राहिलं स्क्वेल्चचं बटण.
त्याला दारवान समजा:
घरघर बाहेर ठेवायची, माणसाला आत सोडायचं.
पण तो उभा केलेला एकीडोरच्या मापाने,
आणि एकीडोर बोलतो
पलीकडच्या टेकडीवरच्या बकऱ्या हाकल्यासारखा.
अतीरचा शब्द दारापर्यंत येई,
आणि ओळख पटली नाही म्हणून मागे फिरे.

हे जमिनीवर जुळवता येत नाही. वर जावं लागतं.
मागच्या सीटवर तिसरा हेडसेट लावून बसले.
खाली सरोवर, हिरवट, उन्हात ताणलेल्या कातड्यासारखं.
पुढे हात घालून बटण सैल करत गेले, करत गेले,
एकदम घरघर कानात फुटली.
तिथून केसभर मागे.

आणि वाक्याच्या मध्यातूनच कुणी बोलू लागावं तसं:
"...टा. पट्टा म्हणतेय मी.
सीटचा पट्टा दाराबाहेर लोंबतोय,
बकल आपटतंय पत्र्यावर.
तीन आठवडे सांगतेय."

ठक.
ठकठक.
ठक.

एकीडोरने मान वळवली. पहिल्यांदाच, बहुतेक.
तीन आठवडे तो मान डोलवत होता,
ठोक्याला कान देऊन, काट्यांवर डोळे लावून,
खाली उतरायला सपाट वाळू शोधत.
आणि ती समजत होती, ऐकलं ह्याने.
त्याला वाटे, ही मूग गिळून बसते.
तिला वाटे, हा कानाडोळा करतो.
उतरल्यावर बोलावं, तर दारात रुग्णांची रांग,
आणि दार उघडलं की पट्टा
कुठे गेलाच नव्हता अशा थाटात
तिच्या मांडीवर.

दाराखाली निळ्या रंगावर ओरखडे होते,
नखाएवढे, अर्धगोल.
त्यांच्यावरून मी दोनदा फडका फिरवला होता.

वहीत लिहिलं: 'उजवी सीट दुरुस्त.
इंजिनला काही झालं नव्हतं.'

पुढच्या मंगळवारी एकीडोर हँगरमध्ये आला.
टोपी काढली, परत घातली.
आता ती सगळंच सांगते, म्हणाला.
वारा कुठून येतोय ते. परवाचं लँडिंग कसं झालं ते.
तिच्या भावाचं लग्न अडलंय, सात उंटांवरून.
"ते बटण," इथे त्याने आवाज उतरवला,
मी त्याला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदा,
"ते थोडंसं, अगदी केसभर, परत घट्ट..."

मी म्हटलं, आधी ती किणकिण शोधायचीय.