साडेतीनच्या आत

ओहायो नदीवर सकाळी सहाला धुकं.
चाळीस बोटी, आणि एकाचाही चेहरा दिसेना.
चिठ्ठीत माझ्या वाट्याला आले व्हर्लन स्टॅम्पर :
पोलाद कारखान्यातून निवृत्त, डाव्या हाताला तीन बोटं.
म्हणाले, "बोलायचंच असेल तर माशांशी बोल."

दुपारपर्यंत चार बास. सगळे बेताचे.
पाचवा पट्टीवर ठेवला :
बारा इंचांना केसभर कमी.
मी शेपूट जरा दाबली. पुन्हा दाबली.
त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पाण्यात सोडला,
शेजारणीचा तवा परत करावा तसा.

मग पुलाच्या खांबापाशी,
गढूळ आणि नितळ पाणी जिथे
अंगाला अंग लावून वाहतं,
तो लागला.
दोरी कण्हली. साडेचार पौंड, कमी नाही.
व्हर्लन हसले. दात फार नव्हते.

परतताना लॉकचे दरवाजे बंद.
आत कोळशाचे बार्ज, एकाला एक बांधलेले,
डुंबणाऱ्या म्हशींसारखे निवांत.
तीन वाजले. तीन दहा. तीन पंचवीस.
टाकीत पाच तोंडं उघडत होती, मिटत होती.

चारला धक्क्यावर पोचलो तेव्हा
तराजूवर फडकं टाकलेलं,
आणि कुणीतरी दाराएवढा चेक धरून
फोटोसाठी उभं.

मोठ्याला मी सोडलं. तो लगेच गेला नाही,
तळव्यावर जरा टेकून राहिला.
"किती भरला असता हो?"
व्हर्लन दोरी गुंडाळत होते.
"अजून वाढतोय तो," म्हणाले.