मानस

पुस्तकात मानस म्हणजे मन.
आमच्या चोडणात मानस म्हणजे लाकडाची दारं,
खाजनाच्या बांधात बसवलेली,
भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी.
कुणी ढकलत नाही. पाण्याचं पाण्यालाच कळतं.

हे सांगतेय बांबोळीहून,
जिथं मी मेणात बसवलेलं मांस कापते,
चार मायक्रॉन, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
कोमट पाण्यावर सोडते, काचेवर उचलते.
केंद्रकांना जांभळा रंग, बाकी सगळ्याला गुलाबी.

परवा आलेला तुकडा डाव्या गालाच्या आतला, चण्याएवढा.
नोंदवहीत आकडा, आकड्यापुढे नाव.
नाव वाचायचं नसतं. मी वाचलं.
सांतान मिनेझिश, वय एकसष्ट, धंदा शेती.
शेती कसली. आमच्या मानशीचा राखणदार तो.

निरोगी गाल आधी सांगते.
तळाला पेशींची एकच ओळ, पडद्याला चिकटून.
दुभंगायचं ते तिनंच.
एक लेक खाली राहते, आईसारखी.
दुसरी वर निघते, आणि निघताना
पहिली गोष्ट करते ती ही, की थांबते.
थांबली म्हणून शिकते:
शेजारणीला घट्ट धरायला, चपटं व्हायला,
मिरची सोसायला, गरम पेज सोसायला.
पंधरवड्यात गळते.
तुम्ही तिला चहाबरोबर गिळता. कुणी रडत नाही.

प्रत्येक दुभंगाआधी दार असतं.
धागा नीट उतरवलास? तुटलाय? मग थांब, सांध.
सांधत नसेल तर मर, गुपचूप,
शेजाऱ्यांवर चिखल न उडवता.

सांतानच्या काचेवर
वरच्या थरांत, जिथं सगळ्यांनी कधीच थांबायला हवं होतं,
केंद्रकं ओढून दोन होतायत.
वाढत्या पेशींनाच धरणारा तपकिरी रंग लावला:
शंभरात अठ्ठेचाळीस.
पुन्हा मोजलं. एकावन्न.
मग दारावरच्या प्रथिनाचा रंग. गच्च, काळपट.
नवख्याला वाटेल, केवढा हा पहारा!
मोडलेलं प्रथिनच असं साठून राहतं.

तंबाखू गालात धरून तीस वर्षं तो बांधावर फिरला,
आधी कंदील, मग बॅटरी,
कुर्ल्यांची बिळं चिखलानं बुजवत.
(या रोगाला खेकड्याचं नाव देणाऱ्यानं
खाजन पाहिलं नसेल. तरी.)
“बांद फुटना गो, बांद पोखरतात,” म्हणायचा.
आणि दाराचं लाकूड कुजलं तर?
“मगीर दार आसा अशें दिसता. पूण धांपना.”

डॉक्टर कुंकळ्येकर भिंगावरून डोळा न काढता म्हणाल्या,
“मोती बघ.”
पडदा फाडून खोल घुसलेल्या बेटांच्या मधोमध
गुलाबी वलयं, केराटिनची.
या पेशी आपलं काम विसरलेल्या नाहीत.
फक्त वर कुठं ते हरवलंय,
म्हणून मध्यालाच वर समजून
चपट्या होतायत, कडक होतायत,
गळायला जागा नसलेल्या ठिकाणी.
अहवालात लिहिलं: सुविभेदित.
म्हणजे त्यातल्या त्यात शहाणा.

संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावर तो होताच,
टाके दाखवून परतत.
“कितें पळयलें तुवें?”
अहवाल बुधवारी, मी म्हटलं.
तो हसला, अर्ध्या तोंडानं.
फेरीबोट मध्यावर आली, भरती चढत होती.
“आयज मानशीर कोण ना.”
आपोआप मिटतात ना ती, मी म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. बोलला नाही.
चोडणला उतरून घराची वाट सोडली,
बांधाकडे वळला,
खिशातली बॅटरी चाचपत.