क्यू क्रमांक एकसष्ट

कॉलेजच्या काळ्या खोलीत रंगमंच होता
पुठ्ठ्याचा, दीड वीत रुंद.
त्यावर आगकाडीची नायिका उभी करून
मी टॉर्चने तिच्यावर चंद्र पाडायचे.
ठेमस्कर सर म्हणत, कोन बघ, पंचेचाळीस अंश.
नाकाची सावली ओठांवर आली की
माणूस म्हातारा दिसतो.
मी वहीत लिहून घेतलं, भोवती चौकट केली.
आगकाडीला नाक नव्हतं
हे तेव्हा लक्षात आलं नाही.

प्रॅक्टिकल लागलं किन्हाळ्याला,
शंकरपटाच्या रात्री.
धान निघालेल्या बांधीत मंडप,
ट्रसच्या जागी हिरवे बांबू,
खाली तनस, तनशीवर चादरी,
चादरींवर अर्धा तालुका.
कंपनीचा लाइटवाला, फागो उसेंडी,
माझा प्लॉट उलटा धरून
बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, "नकासा बेस हाये, पोरी.
पन बाई माइकाखाली उभी रायते."

पहिल्या अंकात
बाप, लेक, सावकाराचा पोरगा, फौजदार,
सगळे माझा उजेड ओलांडून
लोंबत्या माइकाखाली जाऊन थांबले,
एकाच छत्रीत चौघे मावावेत तसे.
माझं मोजून मापून पाडलेलं वर्तुळ
रिकाम्या फळ्यांवर
एकटंच भूमिका करत होतं.

पडदा पडल्यावर बांबूवर चढले.
पार तापलेला, ओढणी हाताला गुंडाळली.
खाली माइकाजवळ फागो
काठीला फडकं बांधून उभा,
फडकं म्हणजे प्रमिलाबाईंचं कपाळ.
"डावीकडं. आनखी. हां, आता तिथंच मर."

मग लावणी. मग वन्समोअर.
मग अमक्या पाटलांकडून एकशे एक,
तमक्या पानठेल्याकडून एक्कावन,
आणि पुन्हा तीच लावणी.
नागपूरहून आलेल्या परीक्षक कडू मॅडम
स्वेटरवर शाल, शालीवर गुणपत्रिका.
तिसरा वन्समोअर त्यांनीच दिला
आणि दचकून इकडेतिकडे पाहिलं.

एकसष्टावा क्यू यायला उजाडलं.
भाऊ मरतो, बहीण त्याचं डोकं मांडीवर घेते.
चांदणं. निळा, चाळीस टक्के, आठ सेकंदांत.
मी फेडर वर सरकवला.
काहीच नाही.
शंभरवर नेला. बल्ब जळत होता,
हात धरला तर पोळत होता,
आणि फळ्यांवर निळ्याचा थेंब नाही.
मंडपाच्या पूर्वेच्या कापडातून
भलताच कुणीतरी प्रकाश देत होता,
चुकीच्या बाजूने, सपाट,
नाकाच्या सावलीची पर्वा न करता.

फागोने विचारलं, "बंद करू का जी?"
वहीत याचं उत्तर नव्हतं.
मी मान हलवली. मला वाटलं, दिवे म्हणतोय.
त्याने जनरेटरच बंद केला.

रातभर कानात बसलेली घरघर गेली.
माइक गेले.
प्रमिलाबाई क्षणभर वर बघत राहिल्या,
मग माइकाखालून निघाल्या
आणि चालत चालत मंचाच्या पार काठावर आल्या,
जिथे मी एकही दिवा लावला नव्हता.
आवाज बसलेला. पावडर घामाने ओघळलेली.
नाकाची सावली नेमकी ओठांवर.
अर्धा तालुका तनशीवरून पुढे सरकला,
तनस तेवढी वाजली.

तोंडी परीक्षा मेटॅडोरच्या फाळक्याशी झाली.
"एकसष्टचा रकाना कोरा का?"
मी काही बोलायच्या आत
फागो म्हणाला, "डिझल वाचवला ना बाई."
मॅडमनी काहीतरी लिहिलं. किती, दिसलं नाही.

केबली दवाने भिजल्या होत्या.
पुसून, उलटसुलट वेटोळी घालून भरल्या;
रात्री पिंपळगावला खेळ.
निळा कागद एका कोपऱ्याला जळाला होता.
मी तो वहीत दाबून ठेवला.
सर विचारतील,
साहित्य परत केलंस का.